आठ नंबर सगळीकडे आठच का नसतो: पावलाचं माप आणि नेमका बसणारा जोडा

आदिदासच्या पुरुषांच्या बुटाची जीभ उलटून आतलं लेबल वाचा. यूके ८ च्या शेजारी जपानी माप २६५ मिमी, म्हणजे २६.५ सेंमी लिहिलेलं असतं. नाइकीच्या लेबलावर त्याच यूके ८ समोर २७ सेंमी दिसतात. फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. यूके पद्धतीत अर्धा नंबर ४.२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे हा फरक अर्ध्या नंबरापेक्षाही मोठा झाला. एका कंपनीचा आठ नंबर वर्षभर सुखाने वापरलेला माणूस दुसऱ्या कंपनीचा आठ नंबर डोळे झाकून मागवतो, तेव्हा घोळ तिथेच होतो.

दोन्ही लेबलं आपापल्या जागी बरोबर आहेत. गैरसमज आपला असा, की बुटावरचा आकडा पावलाची लांबी सांगतो. मुळात तो फर्म्याची लांबी सांगतो. फर्मा म्हणजे ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या साच्यावर बूट ओढून तयार करतात तो. जुने कारागीर त्याला कालबूत म्हणतात. पाऊल आणि फर्मा यांच्यात किती मोकळी जागा ठेवायची हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि ती जागा किती ठेवली हे डब्यावर कुठेही छापलेलं नसतं.

जवाचे दाणे आणि पॅरिसचा टाका

आपल्याकडे दुकानात चालणारी पद्धत इंग्रजांची. तिचं एकक जवाचा दाणा. तीन दाणे लांबीत एकापुढे एक ठेवले की एक इंच, म्हणजे एक दाणा ८.४७ मिमी. दर नंबराला फर्मा एवढ्याने वाढतो. (जव मोजमापाला वापरायची कल्पना आपल्याला परकी नाही. आठ यवांचं एक अंगुल हे जुनं भारतीय कोष्टक आहेच. फक्त आपल्याकडे दाणे आडवे मांडत.)

मुलांचा शून्य नंबर ४ इंचांवर सुरू होतो. तिथून १३ नंबर झाले की ८ इंच आणि एक दाणा होतो, आणि तिथे मोठ्यांचा शून्य नंबर लागतो. म्हणून मुलांच्या १३ नंतर १४ येत नाही, पुन्हा १ येतो. याचा ऑनलाइन खरेदीत फार त्रास होतो. मुलांचा १ नंबर म्हणजे ११० मिमीचा फर्मा आणि मोठ्यांचा १ नंबर म्हणजे २२० मिमीचा, बरोबर दुप्पट. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी १ नंबर मागवला आणि रांगत्या बाळाचे बूट घरी आले, असं होतं ते यामुळे.

मोठ्यांसाठी सूत्र असं: फर्म्याची लांबी इंचांत घ्या, तिला ३ ने गुणा, २५ वजा करा. ११ इंचांचा फर्मा म्हणजे ३३ वजा २५, यूके ८. अमेरिकी पुरुषांच्या पद्धतीत दाणा तोच, पण वजा करायचे २४. त्यामुळे त्यांचा आकडा साधारण एकाने मोठा येतो. अमेरिकी बायकांचा आकडा त्याहूनही सुमारे दीडाने मोठा. अमेरिकेहून येणाऱ्या भावाला “९ नंबरचे बूट आण” एवढंच सांगितलं, तर तो तिथला ९ आणतो आणि तुमच्या यूके ९ ला तो एक नंबर आखूड पडतो. सांगायचं असेल तर आकड्याआधी यूके किंवा यूएस हे सांगा. सेंटिमीटर सांगितले तर सगळ्यात उत्तम.

युरोपातल्या ४१, ४२, ४३ या नंबरांचं एकक पॅरिस पॉइंट. तो दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे ६.६७ मिमी. फर्म्याच्या सेंटिमीटरना दीडने गुणलं की युरोपी नंबर मिळतो. आता गंमत पाहा. यूके ७ चा फर्मा २७.०९ सेंमी, त्याचा युरोपी नंबर येतो ४०.६. यूके ८ चा ४१.९, यूके ९ चा ४३.२, यूके १० चा ४४.४. दोन पट्ट्यांच्या पायऱ्याच वेगळ्या असल्याने त्या कधीच नेमक्या जुळत नाहीत. मग कुणी वर ओढतं, कुणी खाली. एका तक्त्यात यूके ७ समोर ४०, दुसऱ्यात ४१ दिसतं त्याचं कारण एवढंच. तक्त्यावरून तक्त्यावर उड्या मारत गेलात तर दर उडीला दोन-तीन मिलिमीटर चुकतात, आणि तीन उड्यांत एक नंबर हुकतो.

सरळ पद्धत एकच आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही: मोंडोपॉइंट, आयएसओ ९४०७ हे तिचं मानक. तिच्यात फर्म्याऐवजी पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहितात, जमल्यास रुंदीही. बर्फावर घसरायचे स्कीचे बूट याच मापात विकले जातात, आणि जपानचे सेंटिमीटर त्याच विचाराचे. लेबलावर सीएम किंवा जेपी असा रकाना असेल तर आधी तो वाचा.

एकाच कंपनीच्या दोन जोड्या वेगळ्या का बसतात

कंपनीकडे फर्मा एक नसतो. धावण्याचा बूट, ऑफिसचा बूट, सेफ्टी शू, बायकांची बॅलेरिना, प्रत्येकाचा फर्मा निराळा. गोल तोंडाच्या बुटाचा फर्मा पावलापेक्षा साधारण १२ ते १८ मिमी लांब असतो. टोकदार तोंडाचा २५ मिमी किंवा जास्तही असू शकतो, कारण त्या टोकात बोटं जाणारच नसतात. दोघांवर नंबर मात्र सारखाच पडू शकतो.

त्यावर वरच्या भागाचं कापड किंवा चामडं. विणलेलं अप्पर ताणलं जातं. रेक्झिन ताणलं जात नाही आणि जबरदस्ती केली तर घडीवर फाटतं. अस्तराखालचा फोम नवा असताना जाड असतो, महिनाभरात दबतो आणि बूट सैल वाटू लागतो. आतला सुखतळा, ज्याला दुकानात इनसोल म्हणतात, तो २ मिमीचा आहे की ६ मिमीचा यावर आतली उंची ठरते. सुखतळा जाड झाला की पाऊल वर उचललं जातं आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावर दाब येतो. लांबी तीच, पण बूट घट्ट. एकच मॉडेल दोन कारखान्यांत बनत असेल तर कापण्यात आणि ओढण्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच.

आणि रुंदी. भारतातल्या बहुतेक दुकानांत नंबर म्हणजे फक्त लांबी. परदेशी पद्धतीत प्रत्येक लांबीला चार-पाच रुंद्या असतात आणि त्या अक्षरांनी दाखवतात: अमेरिकेत पुरुषांची नेहमीची रुंदी डी, बायकांची बी, पुरुषांच्या रुंद पायाला २ई, फार रुंद असेल तर ४ई. इंग्लंडची आणि जपानची अक्षरं पुन्हा वेगळी, त्यामुळे एका देशाचं अक्षर दुसऱ्या देशाच्या डब्यावर शोधू नका.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं थ्रीडी यंत्रांनी मोजली. भारतीय पावलं युरोपी-अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद निघाली. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र पद्धत सुचवली गेली. तिच्यात वय आणि लिंगानुसार आठ गट आहेत. आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो ते म्हणजे, करंगळी दुखते म्हणून एक नंबर मोठा घेणं. एक नंबर वाढला की चवड्याचा घेरही ५-६ मिमी वाढतो हे खरं. पण लांबी साडेआठ मिमी वाढते, बूट जिथे वाकतो ती रेघ पुढे सरकते आणि टाच मागे सैल होते. दुखणं करंगळीवरून टाचेवर जातं, एवढाच काय तो फरक.

माप घेणं

लागतं काय: दोन कोरे ए-फोर कागद, पेन्सिल, शिंप्याची टेप, स्टीलची पट्टी आणि काटकोनी कडा असलेलं काहीतरी, जाड पुस्तक किंवा काड्यापेटीचा मोठा पुडा. मदतीला दुसरं माणूस हवंच. स्वतःच वाकून माप घेतलं की वजन पुढच्या भागावर जातं आणि माप बिघडतं.

१. वेळ संध्याकाळची, दिवसभर चालून झाल्यावर. सकाळपेक्षा पाऊल तेव्हा थोडं फुगलेलं असतं. बुटाबरोबर जे मोजे घालणार तेच घाला.

२. कागद सपाट फरशीवर, भिंतीला अगदी चिकटवून ठेवा. भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची टाइल पुढे आलेली असते. कागद आणि टाच दोन्ही त्या टाइललाच टेकवा. गालिचा किंवा सतरंजीवर माप घेऊ नका.

३. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन सरळ उभं राहा. बसून घेतलेलं माप काही मिलिमीटर कमी येतं, कारण वजन पडलं की पायाची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांबतं. सपाट, लवचिक पावलात हा फरक जास्त.

४. सगळ्यात पुढे असलेल्या बोटाला पुस्तकाची उभी कडा टेकवा आणि कागदावर रेघ मारा. सगळ्यात पुढचं बोट अंगठाच असेल असं नाही. कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं. पेन्सिलने पाऊल गिरवण्यापेक्षा ही पद्धत बरी. गिरवताना पेन्सिल आत कलली की माप कमी येतं, बाहेर कलली की जास्त.

५. अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा आहे, तिथे एक खूण करा. बाहेरच्या बाजूला करंगळीच्या बुडाशी दुसरी. हे दोन बिंदू म्हणजे चवड्याची रुंदी. भिंतीपासून आतल्या खुणेपर्यंतचं अंतर वेगळं लिहून ठेवा, ते पुढे लागेल.

६. त्याच दोन उंचवट्यांवरून शिंप्याची टेप गुंडाळून घेर मोजा. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको.

७. दुसऱ्या पायाचंही सगळं पुन्हा. दोन पावलं तंतोतंत सारखी फार थोड्यांची असतात. पुढचा सगळा हिशोब मोठ्या पावलाचा.

माप बिघडण्याचं सगळ्यात साधं कारण पट्टीत असतं. शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याची रेघ टोकावर नसते, टोकापासून ३-५ मिमी आत असते. टोक भिंतीला टेकवून वाचलं की माप तेवढंच कमी येतं, म्हणजे अर्धा नंबर तिथेच गेला. म्हणून आधी कागदावर रेघा मारा आणि कागद उचलून मग मोजा.

आकड्यापासून नंबरापर्यंत

समजा डावं पाऊल २६२ मिमी, उजवं २६६, चवड्याचा घेर २५८. हिशोब २६६ चा. यूके ८ चा फर्मा २७९ मिमी, म्हणजे पुढे १३ मिमी उरतात. यूके ९ चा २८८, उरतात २२. मधला साडेआठ २८४, उरतात १८. युरोपी ४२ चा फर्मा २८० आणि ४३ चा साधारण २८७.

या पावलाला लेसचा ऑफिसचा बूट यूके ८ मध्ये बसायला हरकत नाही, चामडं रुंदीला थोडं सैलावतं. धावण्यासाठी साडेआठ हवा. अर्धे नंबर प्रत्येक देशी कंपनी काढत नाही. ती फक्त पूर्ण नंबर देत असेल, तर ९ घेऊन आत पातळ सुखतळा वाढवण्यापेक्षा अर्धे नंबर देणारी दुसरी कंपनी शोधणं बरं. २२ मिमीच्या रिकाम्या जागेत पाऊल पुढेमागे घसरतं आणि उतारावर नखं आपटतात.

पाचव्या पायरीत लिहिलेलं अंतर आता कामाला येतं. टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी ही बोटांपर्यंतच्या लांबीइतकीच महत्त्वाची. दोघांची पावलं २६ सेंमीची असतील, पण एकाची बोटं आखूड आणि कमान लांब असेल, तर त्याचा चवडा पुढे येतो. बूट चवड्याच्या जागी वाकायला हवा. तो मागे वाकला तर अप्परची घडी अंगठ्याच्या सांध्यात रुतते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात तयार केलेलं धातूचं मोजमाप-यंत्र बोटांपर्यंतची लांबी, चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदी अशी तिन्ही मापं घेतं. पहिल्या दोन मापांतून निघणाऱ्या नंबरांत जो मोठा, तो घ्यायचा. आपल्या दुकानांत असते ती साधी सरकती पट्टी. ती फक्त लांबी दाखवते, आणि काही पट्ट्यांवर मोकळी जागा आधीच धरलेली असते, काहींवर नसते. पट्टीने आठ दाखवलं म्हणून आठच आणा असं म्हणू नका, आठ आणि साडेआठ किंवा नऊ दोन्ही मागवा.

दुकानात

संध्याकाळी जा, स्वतःचे मोजे घेऊन जा. दुकानातला पातळ नायलॉनचा मोजा घालून क्रिकेटचा बूट घेतला, तर घरच्या जाड मोज्यावर तो चढणार नाही.

सुखतळा बाहेर निघत असेल तर काढा, फरशीवर ठेवा, त्यावर टाच मागच्या कडेला नेऊन उभं राहा. ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, १० ते १२ मिमी जागा दिसली पाहिजे, आणि पाऊल बाजूला सुखतळ्याच्या बाहेर ओघळता कामा नये. दोन्ही बाजूंनी ३-४ मिमी बाहेर येत असेल तर नंबर बदलून उपयोग नाही, रुंद फर्म्याचं मॉडेल हवं. सेफ्टी शूमध्ये पुढे लोखंडी टोपी असते. अंगठ्याने दाबून काही कळत नाही, तिथे तर हीच चाचणी.

मग बूट घाला. लेस पूर्ण सैल करून पाऊल आत घ्या, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा आणि मगच लेस आवळा. बरेच जण टाच पुढे असतानाच लेस बांधतात आणि बूट लहान आहे म्हणतात.

उभं राहून बोटं वर-खाली हलवून पाहा. दाबून पाहायचं ते अंगठ्यासमोर नाही, सगळ्यात लांब बोटासमोर. विक्रेता सवयीने अंगठ्यावरच दाबतो. दाबल्यावर बोटं नकळत आत आखडली जातात, तेव्हा “ढिली सोडली आहेत ना” हे एकदा स्वतःलाच विचारा.

लेसच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर पाहा. नव्या चामडी बुटात साधारण १ सेंमी फट हवी. पट्ट्या नव्यातच एकमेकींना टेकल्या असतील तर चामडं सैलावल्यावर आवळायला जागा उरत नाही. फट फार रुंद आणि इंग्रजी व्हीसारखी पसरलेली दिसली तर पायाचा वरचा उंचवटा त्या फर्म्याला जास्त आहे.

चाला. चार पावलं नाहीत, पाच मिनिटं. दुकानाबाहेर जिना असेल तर उतरून पाहा. उतरताना नखं पुढे टेकली तर जोडा परत. टाच नव्या कडक तळाच्या बुटात ३-४ मिमी उचलली तर चालतं, तळ लवचिक झाला की ते थांबतं. त्याहून जास्त उचलली तर थांबत नाही. “वापरून सैल होईल” हे वाक्य रुंदीसाठी आणि तेही चामड्यापुरतं खरं. लांबीसाठी ते कधीच खरं नसतं.

ऑनलाइन घेत असाल तर नंबराऐवजी त्या मॉडेलच्या तक्त्यातले सेंटिमीटर पाहा, आणि ते कशाचे आहेत तेही: ‘फूट लेंथ’ असेल तर पावलाचे, ‘इनसोल लेंथ’ असेल तर सुखतळ्याचे. दुसऱ्या प्रकारात तुमच्या पावलाच्या मापात १० ते १२ मिमी स्वतः मिळवायचे. घरी आल्यावर गाठोड्यातली जुनी चादर पसरून तिच्यावरच चालून पाहा. तळ मळला की बदलून मिळत नाही.

कुठे चावतो त्यावरून कारण

टाच निसटते आणि फोड येतो: बूट लांब असेल, मागचा भाग रुंद असेल किंवा फक्त लेस ढिली. आधी लेसचा उपाय करा. सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस त्याच बाजूने आत घालून छोटा फास ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग प्रत्येक लेस समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि बांधा. टाच जागेवर बसते. मागे चिकटवायची पॅड मिळतात, पण ती पाऊल पुढे ढकलतात. बूट आधीच लांबीला नेमका असेल तर बोटांचं मरण.

पायाच्या वर मध्यभागी दुखतं: तिथल्या एका जागी लेसची फुली सोडून द्या, दोन्ही बाजूंनी लेस सरळ वरच्या भोकात न्या. दाब तिथून हटतो.

करंगळी बधिर होते, बाजूला कुरूप होतं: तोंड अरुंद. चामडं असेल तर मोची फर्म्यावर चढवून ३-५ मिमी रुंद करून देतो. कुरूप कुठे आहे ती जागा खडूने दाखवा, म्हणजे तिथेच ताण देता येतो. रेक्झिन आणि बहुतेक सिंथेटिक अप्पर ताणल्यावर दोन दिवसांत पूर्ववत होतात. बूट ओला करून वर्तमानपत्र कोंबून उन्हात वाळवण्याचा घरगुती उपाय टाळा. चामडं कडक होऊन आकसतं आणि तळाचा डिंक सुटतो.

अंगठ्याचं नख काळं पडतं: लोक लगेच मोठा नंबर घेतात. आधी पाहा, बूट आखूड आहे की सैल. सैल बुटातही पाऊल घसरून नख आपटतं. सह्याद्रीत गड उतरताना हे हमखास होतं, त्यात पावसाळ्यात ओला मोजा निसरडा होऊन भर पडते. ट्रेकचा बूट जाड मोज्यावर निवडा, आणि उतरणीला लागण्याआधी थांबून घोट्याजवळची लेस पुन्हा आवळा.

घोट्याचं हाड घासतं: कडेची उंची जास्त आहे. टाचेखाली ३ मिमीचा रबरी तुकडा टाकला की पाऊल वर येतं आणि सुटतं. दोन्ही बुटांत टाका, एकात नको.

कमानीत काहीतरी टोचतं: आतला उंचवटा तुमच्या कमानीच्या पुढे किंवा मागे आला आहे. हा फर्म्याचा फरक. जोडा बदला, वेळ घालवू नका.

मुलं

जूनमध्ये शाळेचे बूट घेताना “वाढत्या अंगाचे” घ्यायची आपली रीत कपड्यांना ठीक आहे. पुढे १० ते १२ मिमी जागा पुरे, वाढ त्यातच धरलेली आहे. दोन नंबर मोठा बूट घातला की मूल बोटं आवळून चालतं आणि पळताना अडखळतं. बुटात कापूस कोंबणं हा उपाय नाही. चालायला लागलेल्या बाळाचं पाऊल दर दोन-तीन महिन्यांनी मोजा, शाळेतल्या मुलाचं दर चार महिन्यांनी. ‘भा’च्या सर्वेक्षणानुसार मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षाच्या सुमारास शिगेला असते, तेव्हा त्या दोन वर्षांत महागडा जोडा घेऊ नका. लहान मूल “घट्ट होतंय” असं सांगेलच असं नाही, त्यांची पावलं मऊ असतात आणि दाबली जातात. सुखतळा काढून त्यावर बोटांचे ठसे कुठे उमटलेत ते पाहा. ठसा कडेवर आला की बूट संपला. थोरल्याचे बूट धाकट्याला देताना नंबर जुळला तरी सुखतळा नवा घाला, कारण जुन्यात थोरल्याच्या पावलाचा खळगा पडलेला असतो.

कोल्हापुरी

इथे नियम उलटे आहेत. तोंड उघडं, त्यामुळे पुढे जागा सोडायची गरज नाही. बोटं तळाच्या कडेपासून ३-५ मिमी आत आणि टाचही तेवढीच आत हवी. बाहेर आली तर कडेचं चामडं घासून सुटतं. अंगठ्यात घालायचा पट्टा आणि बाजूचे कान नवीन असताना आवळच हवेत. झाडांच्या सालीने कमावलेलं चामडं पावलाच्या उबेने आणि वजनाने सैलावतं. दुकानात आरामशीर वाटलेली जोडी महिन्यात फटफट वाजू लागते. अंगठ्यात टोचत असेल तर तिथे आतून थोडं एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवा, आणि पहिले चार-पाच दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला. पाण्यात नको.

मधुमेह असेल तर

पायाची संवेदना कमी झाली की नेमका बसणारा बूट “ढिला” वाटतो आणि माणूस आपण होऊन घट्ट घेतो. म्हणून इथे जाणिवेवर विसंबू नका, कागदावरच्या मापावर आणि सुखतळ्याच्या चाचणीवर जा. मागे पट्टा नसलेली चप्पल नको. एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराचा मऊ तळ आणि मागे पट्टा असलेली सँडल मोठ्या शहरांत मिळते. नवा जोडा पहिल्या दिवशी अर्धा तास, मग काढून पाऊल पाहायचं, आरशात तळवाही. जिथे लाली वीस मिनिटांनीही उतरत नाही, तिथे तो जोडा चावतोय, दुखलं नाही तरी. आणि दररोज घालण्याआधी आत हात फिरवून खडा, वर आलेला खिळा किंवा अस्तराची गुंडाळी आहे का ते चाचपायचं.

मापाचा कागद फेकू नका, त्यावर तारीख लिहा. गरोदरपणानंतर आणि वजन बरंच वाढल्या-घटल्यावर पुन्हा मोजा. पन्नाशीनंतर वर्षातून एकदा मोजा, कारण सांध्यांचे बंध सैलावून पाऊल लांब आणि रुंद होत जातं. विशीत सात नंबर घालणाऱ्याला साठीत आठ लागला तर त्यात चुकीचं काही नाही.